सदाफुली : अंगणातील फूल, औषध आणि आपली जबाबदारी





शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या सदाफुलीच्या क्यारीवरून गेल्या काही महिन्यांत दोन टोकांची मते आमच्यापर्यंत पोहोचली आहेत. सकाळी फिरायला निघणारी काही ज्येष्ठ मंडळी तेथून रोज चार-पाच पाने किंवा फुले तोडून नेतात. त्याने साखर आटोक्यात राहते, असे त्यांचे म्हणणे. क्यारी आणखी वाढवावी आणि येत्या आनंद मेळाव्यात सदाफुलीच्या काढ्याचा एक स्टॉल असावा, अशी त्यांची सूचना आहे. दुसरीकडे काही पालकांनी लेखी कळवले आहे की ही वनस्पती विषारी आहे, शाळेत लहान मुले वावरतात, तेव्हा ती मुळासकट उपटून टाकावी.

दोन्ही बाजूंची मंडळी शाळेच्या भल्यासाठीच बोलत आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण एकाच झाडाला कोणी अमृत म्हणावे आणि कोणी विष, आणि शाळेने मात्र गप्प बसावे, हे बरे नव्हे. शाळा ही शेवटी जाणून घेण्याची जागा आहे. म्हणून आमचे मत आधीच स्पष्ट सांगतो : क्यारी राहावी, काढ्याचा स्टॉल मात्र नसावा. असे का, ते पुढे सविस्तर मांडत आहोत. वाचून आपणही विचार करावा, ही विनंती.

एक फूल, अनेक नावे

घरी आपण जिला सदाफुली म्हणतो, तिला आपल्या इंदूरच्या शेजारपाजारात सदाबहार किंवा सदासुहागन म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे पुस्तकातली सदाबहार आणि आजीच्या पूजेच्या तबकातली सदाफुली ही एकच, हे आम्हाला लहानपणीच ठाऊक झाले. कोठे हिला बारमासीही म्हणतात. नर्सरीत गेलात तर माळी ‘विंका’ म्हणून रोप हातात ठेवील. वनस्पतिशास्त्रात मात्र आज तिचे नाव कॅथरँथस रोझियस असे आहे. पूर्वी तिला विंका रोझिया म्हणत, तेच जुने नाव नर्सरीवाल्यांच्या तोंडी राहून गेले.

ही नावांची गोष्ट केवळ गमतीची नाही. युरोपात विंका मायनर नावाची एक वेगळीच वनस्पती आहे आणि तिचे गुणही वेगळे आहेत. इंग्रजीत दोघींनाही पेरिविंकल म्हणतात. त्यामुळे कोणी मोबाइलवर माहिती शोधू लागले की एकीचे गुण दुसरीच्या नावावर जमा होतात. औषधाच्या बाबतीत नावाची चूक ही पहिली चूक, आणि पुष्कळदा तीच मोठी चूक ठरते.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. सदाफुली आपल्याला इतकी घरची वाटते की ती येथलीच असावी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचे मूळ घर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. तेथून ती शोभेचे झाड म्हणून उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आणि आपल्या अंगणात येऊन इथलीच होऊन गेली. थोडे पाणी, भरपूर ऊन आणि कसलीही जमीन तिला चालते. भिंतीच्या फटीतही ती उगवते. तिची पाने कडू असल्याने गुरेढोरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. मात्र ती बाहेरून आलेली असल्यामुळे ‘हजारो वर्षांपासून आयुर्वेदात सांगितलेला उपाय’ असे जे संदेश फिरत असतात, ते तपासून घेतले पाहिजेत. आज तिचे जे घरगुती उपयोग सांगितले जातात, ते बहुतांशी लोकपरंपरेतून आलेले आहेत.

हे लोकपरंपरेतले उपयोग मात्र खरोखर आहेत आणि ते अनेक देशांत आढळतात. मादागास्करमध्ये हिची कडू पाने व मुळे जंतांवर आणि दातदुखीवर वापरत. आपल्याकडे गांधीलमाशी चावली की पानांचा रस लावण्याची पद्धत आहे. आणि जमैकापासून भारतापर्यंत, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी, मधुमेहावर हिच्या पानांचा काढा घेतलेला आहे. इतक्या ठिकाणच्या लोकांनी एकच गोष्ट सांगावी, याला काही अर्थ असला पाहिजे. तो अर्थ कोणता, हे शोधायला गेलेल्या शास्त्रज्ञांची कथा आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी अशी आहे.

शोधत होते एक, सापडले दुसरेच

१९५२ साली कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. तेथील लोक मधुमेहावर या पानांचा चहा पितात, तर यात काही तथ्य आहे का ते पाहावे, असा त्यामागे हेतू होता. क्लार्क नोबल यांनी ती पाने आपले भाऊ डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

त्यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडाने दिला. रक्तातील साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मग तोच अर्क इंजेक्शनने देऊन पाहिला. साखर तर उतरली नाहीच, पण काही दिवसांत उंदीर मरू लागले. एखाद्याने तेथेच काम थांबवले असते. नोबल यांनी मात्र उंदीर का मेले, हा प्रश्न विचारला. तपासल्यावर लक्षात आले की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. हाडांतील ज्या मज्जेत या पेशी तयार होतात, तिचेच काम मंदावले होते. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पहारा उठला आणि साध्या जंतूंनी उंदरांचा बळी घेतला.

आता रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग ज्या द्रव्याने त्या कमी होतात, तेच या रोगावर औषध का होऊ नये? या विचाराने रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांच्या साथीने नोबल यांनी ते द्रव्य पानांतून वेगळे काढले. १९५८ साली त्यांनी आपले काम जगापुढे मांडले. या द्रव्याला आज व्हिनब्लास्टिन म्हणतात. त्याच काळात अमेरिकेतील एली लिली या औषध कंपनीचे शास्त्रज्ञही सदाफुलीवर काम करीत होते. त्यांच्या कामातून व्हिनक्रिस्टिन हे दुसरे औषध पुढे आले आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन आजही एक मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे आहेत. एके काळी हा आजार झालेले मूल हाती लागणे जवळजवळ अशक्य असे. आज जेथे पूर्ण उपचार मिळतात तेथे बहुसंख्य मुले बरी होतात. त्या यशात इतर औषधांबरोबर आपल्या कुंपणावरच्या या फुलाचाही वाटा आहे.

म्हणूनच आम्ही म्हणतो की ही क्यारी उपटू नये. ज्या झाडामुळे असंख्य मुलांचे प्राण वाचले, त्याला शाळेतून हाकलून देणे आम्हाला पटत नाही. परंतु याच कथेचा दुसरा भागही तितक्याच मोठ्याने सांगितला पाहिजे. ज्या गुणाने ते औषध झाले, त्याच गुणाने ते उंदीर मेले होते.

मग दोन पाने चघळायला काय हरकत?

हा प्रश्न आम्हाला अनेक आजी-आजोबांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळाटाळ न करता देतो.

सदाफुलीत शंभराहून अधिक प्रकारची अल्कलॉइड द्रव्ये आढळली आहेत. व्हिनक्रिस्टिन व व्हिनब्लास्टिन ही त्यांतली दोन, आणि तीही अत्यंत अल्प प्रमाणात. एक ग्रॅम औषध मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. म्हणजे पाने चघळून कर्करोग बरा होईल अशी आशा कोणी बाळगू नये. हे औषध डॉक्टर फक्त शिरेतून देतात. मोठ्या माणसालाही व्हिनक्रिस्टिन एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. २ मिलिग्रॅम म्हणजे किती? चहाच्या चमच्यात चार ग्रॅम साखर धरली तर तिचा दोन हजारावा भाग! इतके कमी देऊनही हातापायांना मुंग्या येणे, बद्धकोष्ठ होणे, केस गळणे असे त्रास होतात. चुकून ते पाठीच्या कण्यात दिले गेले तर रुग्ण दगावतो, म्हणून त्याबद्दल दवाखान्यांत कडक नियम असतात. कारण हे द्रव्य पेशींचे विभाजनच थांबवते. रोगट पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हा भेद त्याला नीट करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की पानात प्रमाण इतके कमी आहे तर भीती तरी कशाची? येथेच खरी मेख आहे. कंपनीच्या औषधावर मिलिग्रॅम छापलेले असतात, पानावर काहीच छापलेले नसते. एका झाडाच्या पानात किती द्रव्य आहे, ते त्या झाडाच्या जातीवर, जमिनीवर, ऋतूवर आणि पानाच्या वयावर अवलंबून असते. शेजारच्या काकांनी चार पाने घेतली आणि त्यांना काही झाले नाही, म्हणून आपल्या चार पानांनी काही होणार नाही असे म्हणता येत नाही. शिवाय एक दिवस घेणे वेगळे आणि वर्षभर रोज घेणे वेगळे. पांढऱ्या फुलाची सदाफुली गुणकारी आणि गुलाबी फुलाची नुसती शोभेची, असाही एक समज आहे. अल्कलॉइड दोन्हींत असतात. रंग पाहून सुरक्षितता ठरत नाही.

आता मधुमेहाबद्दल. नोबल यांच्या उंदरांची साखर उतरली नव्हती, हे वर सांगितलेच. पुढे इतर शास्त्रज्ञांनी जनावरांवर केलेल्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर कमी झाल्याचे दिसले आहे. तेव्हा लोकपरंपरा सर्वस्वी खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. पण माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून सदाफुली हे मधुमेहाचे सुरक्षित व खात्रीचे औषध आहे, असे सिद्ध झालेले नाही. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये बरीच मोठी वाट चालावी लागते. ती वाट अजून चालून झालेली नाही.

‘आम्हाला फरक पडला’ असे सांगणारी मंडळी खोटे बोलत नाहीत. पण जरा बारकाईने पाहावे. जो माणूस सदाफुली सुरू करतो, तो बहुधा त्याच आठवड्यात पहाटे उठून चालायलाही लागतो. पोह्यांबरोबरची जलेबी सोडतो, चहातली साखर बंद करतो, आणि डॉक्टरांची गोळी तर चालू असतेच. साखर उतरली की श्रेय मात्र पानाला मिळते! आमच्या विज्ञान शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर एका वेळी चार गोष्टी बदलल्या की परिणाम कोणत्या गोष्टीचा, हे कळत नाही. आठवीचा विद्यार्थीही प्रयोगवहीत अशी चूक केली तर गुण गमावतो.

खरा धोका कोठे आहे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या शाळेच्या कितीतरी घरांत तो असणारच. अशा घरांत दोन प्रकारचे धोके संभवतात.

पहिला धोका असा की पानांवर विश्वास ठेवून गोळी किंवा इन्सुलिन बंद केले जाते. मधुमेहाचे दुखणे पुष्कळदा मुके असते. साखर महिनोन्‌महिने वाढलेली राहते, वरून काही जाणवत नाही, आणि आत डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा हळूहळू बिघडत जातात. ज्या मुलांना लहानपणीच टाइप-१ मधुमेह होतो, त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यांचे इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, जिवावर बेतते. अशा मुलाच्या बाबतीत कोणताही काढा इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. हे वाक्य प्रत्येक घरात पाठ असावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दुसरा धोका याच्या उलट. गोळीही चालू आणि काढाही चालू, आणि डॉक्टरांना मात्र सांगायचे नाही! दोन्ही मिळून साखर एकाएकी खाली गेली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस गोंधळल्यासारखे बोलतो आणि प्रसंगी बेशुद्ध पडतो. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

परंपरेचा मान म्हणजे काय

आमच्यावर असा आरोप होऊ शकतो की प्राचार्य मंडळी इंग्रजी औषधांची बाजू घेतात आणि आपल्या जडीबुटीला नावे ठेवतात. तसे नाही. उलट आमचे म्हणणे असे की परंपरेचा खरा मान तिच्या अटींसह राखला पाहिजे. चरकसंहितेतच हा विचार आहे की नीट न जाणलेले औषध हे विष, शस्त्र वा अग्नीसारखे घातक असते आणि जाणून घेतलेले औषध अमृतासारखे. योग्य रीतीने वापरले तर तीक्ष्ण विषही औषध होते आणि वाईट रीतीने वापरले तर औषधही विष ठरते, असेही तेथे सांगितले आहे. आपले पूर्वज ‘निसर्गातले आहे म्हणून निरुपद्रवी’ असे कधीच म्हणत नव्हते. धोतरा निसर्गातलाच, कण्हेर निसर्गातलीच. किंबहुना कण्हेर आणि सदाफुली एकाच कुळातल्या आहेत.

याच कुळातली तिसरी बहीण म्हणजे सर्पगंधा. ती मात्र अस्सल भारतीय. तिची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी काय केले? ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणून ते थांबले नाहीत, की ‘हे खेडवळ औषध’ म्हणून त्यांनी नाकही मुरडले नाही. वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते, हेही लक्षात आले आणि वापराला मर्यादा आल्या. गुण मोजले तसे दोषही मोजले. परंपरेचा मान असा ठेवायचा असतो.

तेव्हा ज्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे, त्यांनी जरूर वैद्याकडे जावे. आपल्या इंदुरात आयुर्वेदाचे शासकीय महाविद्यालय आहे आणि शिकलेसवरलेले वैद्यही आहेत. ते नाडी पाहतील, रिपोर्ट पाहतील, चालू औषधे विचारतील. मोबाइलवर आलेला नुस्खा यातले काहीच विचारत नाही. वैद्य आणि व्हॉट्सअॅप यांत हा मोठा फरक आहे!

जाहिरातींविषयीही एक गोष्ट ध्यानात असावी. आपल्या देशात १९५४ पासून औषधी व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम अस्तित्वात आहे. ज्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करायला या कायद्याने मनाई केली आहे, त्यांच्या यादीत मधुमेहाचेही नाव आहे. ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ अशी जाहिरात दिसली तर ती वाचून भुलू नये. तशी जाहिरात देणाराच कायदा मोडत असतो.

घरी एवढे पाळावे

१. सदाफुलीची पाने, फुले वा काढा घेत असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा वैद्यांना न संकोचता सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये.

२. चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी वा बंद करू नये. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी वेळच्या वेळी करावी.

३. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी सदाफुली पोटात घेऊ नये. पेशींचे विभाजन थांबवणारे द्रव्य वाढत्या गर्भाला घातक ठरू शकते.

४. लहान मुलांना ‘रक्तशुद्धीसाठी’ म्हणून पाने वा रस देऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी तर हे मुळीच करू नये.

५. मुलाने पाने खाल्ली असे कळले तर बळेच ओकारी काढू नये. तोंड धुवून त्याला दवाखान्यात न्यावे आणि झाडाची एक फांदी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना वनस्पती ओळखता येईल.

६. विनाकारण भिऊही नये. सदाफुलीला हात लावल्याने, फुले देवाला वाहिल्याने किंवा रोप अंगणात लावल्याने काही होत नाही. झाडाला हात लावल्यावर हात धुवावेत, एवढे पुरे.

शाळेत काय करावे

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील प्रस्ताव ठेवत आहोत. सदाफुलीची क्यारी आहे तेथेच राहील. बालवाडी व पहिली-दुसरीच्या खेळण्याच्या जागेलगत मात्र सदाफुलीच नव्हे, तर कण्हेर, धोतरा अशी कोणतीही विषारी वनस्पती असणार नाही. कुंपणाकडून पाने तोडून नेण्याची प्रथा आता बंद व्हावी. ज्येष्ठांना आम्ही हे हात जोडून सांगू. त्यांचा अनादर करण्याचा यात हेतू नाही, त्यांच्या प्रकृतीची काळजी आहे. आनंद मेळाव्यात सदाफुलीच काय, कोणत्याही वनौषधीचा काढा वा रस विकला जाणार नाही. शाळेच्या नावाने दिलेला घोट लोक शाळेच्या भरवशावर पितात. तो भरवसा आपण निष्काळजीपणे खर्च करता कामा नये.

त्या ऐवजी मेळाव्यात विज्ञान मंडळाचा एक स्टॉल असावा. तेथे आमचे विद्यार्थी मोठ्या चित्रफलकांवरून सदाफुली व सर्पगंधा यांची कथा सांगतील. मराठीत सांगतील आणि शेजारच्या पाहुण्यांना हिंदीतही. ज्यांची इच्छा असेल त्या पालकांसाठी त्याच दिवशी साखर तपासणीची सोय करता आली तर फारच उत्तम. पालकांमध्ये जे डॉक्टर व वैद्य आहेत, त्यांनी यासाठी पुढे यावे, असे आमचे आवाहन आहे.

क्यारीजवळ एक पाटी लागेल. तिच्यावरचा मजकूर नववीच्या विद्यार्थ्यांनी तयार करावा : झाडाचे मराठी, हिंदी व शास्त्रीय नाव, मूळ देश, त्यापासून मिळालेली औषधे आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘खाण्यास योग्य नाही’. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून त्यांच्या आठवणीतले वनस्पतींचे उपयोग वहीत लिहून आणावेत. महेश्वर-धार-देवासकडच्या जुन्या मराठी घरांतून असे कितीतरी ज्ञान आजही शिल्लक आहे, ते नोंदले गेले नाही तर आपल्याबरोबरच संपेल. प्रत्येक उपयोगापुढे विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न लिहायचे आहेत : हे झाड नक्की कोणते? किती घ्यायचे आणि कोणी घ्यायचे नाही? आणि हे कोणी तपासले आहे का?

विद्यार्थी मित्रांनो, २०२२ साली शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशींमध्ये सदाफुलीची जनुके घालून व्हिनब्लास्टिनसाठी लागणारी घटकद्रव्ये तयार करून दाखवली. ज्या झाडाचा अभ्यास पंचवीस पानांच्या एका पाकिटापासून सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. त्यात पुढचे पाऊल तुमच्यापैकी एखाद्याचे असेल, अशी आम्हाला आशा आहे. ते पाऊल टाकणाऱ्याच्या अंगी आजीच्या सांगण्याविषयी आदरही असावा आणि ते पारखून घेण्याची सवयही असावी.

विश्वस्त मंडळी व पालकगणांनी या प्रस्तावावर आपले मत कार्यालयात लेखी द्यावे. आमच्याशी असहमत असाल तर तेही मोकळेपणाने लिहावे. पुढील अंकात निवडक पत्रे अवश्य छापू.



— प्राचार्य